कुणालाही सुचलं असतं

३ जून

विहीणबाई,

नमस्कार. तुमचा राखाडी स्वेटर आमच्या पार्लरच्या मागच्या खोलीत खुंटीला टांगलेला आहे, एवढंच कळवायला हे पत्र. दुसरं काही काम नाही.

मागच्या वर्षी तुम्ही तणतणत निघालात तेव्हा स्वेटर मागे राहिला आणि आमचा निळा ॲप्रन तुमच्या अंगावरच गेला. पाठीवर ‘केस धुणे, कापणे, रंगवणे’ असं छापलेलं. तशाच तुम्ही बसमध्ये चढलात. मी दारातून हाक मारणार होते, पण तुमची मान इतकी ताठ होती की म्हटलं, जाऊ द्या, फुकटची जाहिरात होईल.

फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही उचलला नसता. आणि उचलला असतात तर मला दरदरून घाम फुटला असता. पत्राचं बरं असतं. मधेच तोडून ‘मुद्द्याचं बोला’ असं कुणी म्हणत नाही.

तुमची मुलगी बरी आहे. माझा मुलगाही बरा आहे. आम्हा सासू-सुनेचं मेतकूट जमलेलं बघून तो बिचारा मधे पडत नाही, जेवायला कधी बसायचं तेवढं दारातून विचारतो. पोरीने क्रीमचं काम सोडलेलं नाही. जिथे तुम्ही इतकी वर्षं प्रमुख होतात त्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ती माझ्याकडे, दोन शेगड्या आणि एक बेसिन एवढ्याशा खोलीत पातेली ढवळते, हे तुम्हाला लागलंय. ते मला कळतं. मी काही दगड नाही.

तिने पेटंटचा अर्ज केलाय हे तुमच्या कानावर आलंच असेल. अर्जावर तिचं नाव आहे आणि हट्टाने तिने माझंही घातलंय. आठवीत शाळा सोडलेल्या बाईचं नाव सरकारी कागदावर, संशोधक म्हणून. त्याची एक प्रत मी कंगव्यांच्या ट्रॉलीवर काचेखाली लावलीय. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, मग मी म्हणते, काही नाही हो, असंच.

तर स्वेटरचं काय करू ते कळवा.

तुमची नम्र
विहीण

ता. क. कोपरावर उसवला होता. मी शिवला. दोरा जरा गडद लागलाय.

१४ जून

विहीणबाई,

तुमचं कार्ड मिळालं. ‘कुरियरने पाठवा.’ दोन शब्द, आणि तिकीट मात्र पूर्ण किमतीचं. माझ्यासारखीला त्यात अजून पाव किलो मजकूर बसवता आला असता.

कुरियरवाल्यांवर माझा भरवसा नाही, स्वेटरसारखी वस्तू हरवली तर तुम्ही मला जन्मभर ऐकवाल. म्हणून स्वेटर इथेच ठेवून त्याऐवजी क्रीमची एक डबी पाठवतेय. ती हरवली तरी चालेल, आमच्याकडे पातेलंभर आहे. पोचली तर लावून बघा. नाही लावलीत तर झाकण लावून ठेवा, वाळत नाही.

आता लिहायला बसलेच आहे तर एक गंमत सांगते. पेटंट ऑफिसातून आक्षेप आलाय. आमचं प्रकरण बघणारे तपासनीस साहेब आहेत, त्यांना बारमाही सर्दी, पण माणूस बारकाईचा. त्यांनी दोन जुने कागद शोधून काढले. एकात मेणाचं क्रीम, हाताला पाणी लागू नये म्हणून. दुसऱ्यात ओट्सच्या पिठाचं क्रीम, खाज थांबावी म्हणून. साहेब म्हणतात, पहिल्यात दुसरं घातलं की तुमचं क्रीम झालं. या धंद्यातल्या कुणालाही ते उघड दिसलं असतं, आणि जे उघड आहे त्याला पेटंट मिळत नाही.

मी म्हटलं, ‘कुणालाही’ म्हणजे कुणाला? तर आमच्या एजंटबाईंनी समजावलं. या एजंटबाई म्हणजे पेटंटचे अर्ज लिहून देणाऱ्या, वयाने लहान, बोलायला लागल्या की पंखा पाचवर. त्या म्हणाल्या, कायद्याने एक माणूस मनाने उभा केलाय. धंद्यात आजवर छापलेला कागद न् कागद त्याने वाचलाय, कुठल्याही भाषेतला. विसरत काही नाही. हातही कामाला बरा. पण जन्मात त्याला स्वतःहून एक गोष्ट सुचलेली नाही. कायदा त्याला ‘साधारण कौशल्याची व्यक्ती’ म्हणतो. त्याला जे जमेल ते उघड. तो जिथे अडेल, तिथून पुढे पेटंट.

मला तो माणूस फार आवडला. मी त्याचं नाव ठोकळेराव ठेवलंय. आता पातेल्यात काही टाकायचं झालं की आम्ही दोघी विचारतो, ठोकळेराव काय करतील? आणि हसतो. म्हणजे मी हसते. पोर हल्ली कमी हसते.

त्याचं कारण लिहायला नको होतं, पण लिहिते. एका कारखान्याने शब्द दिलाय की पेटंट मिळालं तर तुमचं क्रीम आम्ही बनवू. नाही मिळालं तर उद्या कुणीही बनवू शकेल, मग तुमच्याकडून कशाला घ्यायचं? सरळ आहे. तसं झालं तर क्रीमला रामराम आणि तिला पुन्हा जुन्या नोकरीचं दार वाजवायला लागणार.  परवा ती पेपरात नोकऱ्यांचं पान वाचत होती, मी आत आले तसं तिने पान उलटून शब्दकोडं काढलं. शब्दकोडं तिला कधी सुटत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

तुमची नम्र
विहीण

२७ जून

विहीणबाई,

अर्धं पान लिहिलंत. मी दोनदा वाचलं, एकदा कौतुकाने आणि एकदा समजून घ्यायला.

तुम्ही म्हणता, मेणाच्या थरात कोरडा कण म्हणजे भोक, भोकातून पाणी जाणार, थराची चाळण होणार, तेव्हा हे क्रीम चालणंच शक्य नाही. मग ते उघड की झाकलेलं हा प्रश्न येतोच कुठे?

विहीणबाई, ते चालतं. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर ते पातेलं आम्ही फेकलं नव्हतं.

तुमच्या बाजूने तो दिवस कसा दिसला माहीत नाही, माझ्या बाजूने सांगते. आमच्या मुलींचे हात दिवसभर शाम्पूच्या पाण्यात. बोटांच्या बेचक्यांतून चिरा, आणि कुठलंही क्रीम लावलं तरी पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोक्याबरोबर वाहून जायचं. पोर त्यावर खपत होती. पीठ भिजवून मेणात घालायची, गुठळ्या व्हायच्या आणि हात धुतला की सगळं निसटायचं. तुम्ही मदतीला आलात, ॲप्रन चढवलात आणि आल्या आल्या वर्ग घेतलात. पीठ अजून जास्त भिजवा, कोरडं तर कधीच घालू नका. तासभर ऐकून माझ्या डोक्याची मंडई झाली. तुम्ही बोलता त्यात चूक नसते, पण फट पण नसते. मी म्हटलं, मग घालतेच कोरडं, आणि मूठभर पीठ कोमट मेणात टाकलं. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे: ‘या धंद्यातलं ज्याला ओ की ठो कळतं, तो असं करणार नाही.’

आणि पोर हसली. तुम्ही माझ्या पिठामुळे गेला नाहीत, तिच्या हसण्यामुळे गेलात. पण ती तुम्हाला हसली नव्हती. माझं तोंड बघून हसली. पीठ माझ्या भुवयांवर होतं.

दुसऱ्या दिवशी तेच पातेलं मुलींनी लावलं. संध्याकाळी हात तसेच मऊ. पोरीने कुणाचा तरी मायक्रोस्कोप मागून आणला आणि मलाही दाखवलं. कोरडा कण मेणात बसतो तेव्हा भोक असतंच, तुमचं बरोबर. पण हात पाण्यात गेला की तो कण पाणी पिऊन फुगतो आणि आपलंच भोक बुजवतो. आधी भिजवलेला कण अगोदरच फुगलेला, तो काय बुजवणार? जितका हात धुवाल तितकं क्रीम घट्ट बसतं.

ही झाली विद्या. आता खरी गोष्ट, जी दोन पत्रं झाली तरी मी पोटात ठेवलीय.

महिन्यापूर्वी पहिली सुनावणी झाली. मी नवीन साडी नेसून गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “कल्पना छान आहे तुमची.” आता मोठ्या माणसाने तोंडावर कौतुक केल्यावर आपण काय म्हणतो? जे सगळे म्हणतात तेच मी म्हटलं. “छे हो, त्यात काय मोठंसं. कुणालाही सुचलं असतं.”

टेबलाखालून एजंटबाईंनी माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं जागा कमी पडतेय, म्हणून मी पाय आत घेतले आणि पुढे चालू ठेवलं. सूप दाट करताना पीठ आधी लोण्यात परततो नि मग पाणी घालतो, तसंच हे, म्हटलं. समोर एक बाई सगळं टाइप करत होती.

ते आता सरकारी कागदावर आहे. अर्जदार स्वतः सांगते की कुणालाही सुचलं असतं. ठोकळेरावाची बाजू मीच मांडून आले. बाहेर आल्यावर पोर रिक्षात माझा हात धरून बसली, आणि ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

एजंटबाई म्हणतात, सूपवाल्या बोलण्यातून वाट निघेल. ठोकळेराव क्रीमच्या धंद्यातला आहे, तो सूप करत नसतो. अडलंय ते पहिल्या वाक्यावर. त्यावर उतारा म्हणून आम्ही तुमचं पुस्तक पुढे केलं. ‘ओट्सचे पीठ नेहमी भिजवूनच घ्यावे’ हे त्यात छापलेलं आहे आणि अर्धा धंदा त्याच पुस्तकावर शिकलाय. साहेब म्हणाले, पुस्तकात भिजवा म्हटलंय, पण कोरडं का नको ते म्हटलेलं नाही. लेखिकेने सवयीने लिहिलं असेल.

हे मी मुद्दाम लिहीत नाहीये. खरंच असं म्हणाले.

तेव्हा मागणं एवढंच. दुसऱ्या सुनावणीला यायचं आणि त्या दिवशी काय म्हणालात, का म्हणालात, ते सांगायचं. एक अक्षर खोटं नको. चुकले असंही म्हणायला नको.

तुमची
विहीण

५ जुलै

विहीणबाई,

तुमचा नकार पोचला. ‘आईची साक्ष कोण धरेल?’ हे पहिलं कारण, आणि ‘मला साधारण कौशल्याची व्यक्ती म्हणून उभं करू नका’ हे दुसरं. पहिलं तुम्ही नुसतं लिहिलंत आणि दुसऱ्याखाली रेघ ओढलीत, म्हणजे खरं कोणतं ते कळलं.

पहिल्याचं उत्तर एजंटबाईंनी दिलं. आई असली तरी मुलीशी वर्षभर अबोला आहे आणि अबोला याच पिठावरून आहे, याहून निष्पक्ष आई कुठे मिळणार? आपलं भांडण इतकं कामाचं निघेल असं मला वाटलं नव्हतं. अजून चार दिवस भांडत राहू, सुनावणीपर्यंत.

दुसऱ्याचं उत्तर माझं. तुम्हाला कोण साधारण म्हणेल? मी तुम्हाला घाबरते, माझा मुलगा तुम्हाला घाबरतो, तुमच्या पुस्तकाला कारखानदार घाबरतात. साधारण माणसाला कुणी घाबरत नाही. पण विचार करा, ठोकळेरावाला विचारायचं कुठे? तो तर कागदावर आहे. जिला सगळं माहीत आहे अशीच कुणीतरी येऊन सांगणार ना, की मला माहीत असूनही मी हे केलं नसतं?

आणि खरं सांगू, माझंही मन खात होतं. हे उघडच असेल तर? आता बघितलं तर मलाच वाटतं, यात काय आहे. पण मी आयुष्यभर लोकांचे केस सोडवलेत. गुंता सुटला की केस सरळच दिसतात, गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याला इतका वेळ? तेव्हा सुटल्यावर बघून चालत नाही, सुटायच्या आधी कुणी पाहिलं होतं त्याला विचारायचं. सुटायच्या आधी त्या खोलीत तुम्ही होतात.

एक गोष्ट ठेवून दिली होती, ती सांगते आणि थांबते. मायक्रोस्कोपमध्ये तो कण फुगताना दिसला तेव्हा पोरीने डोळा काढला आणि पहिलं वाक्य बोलली, “आईला सांगायला हवं.” फोन हातात घेतला. मग खाली ठेवला. तेव्हापासून वर्ष झालं, ती रोज एकदा तसा फोन घेते आणि ठेवते. तिला वाटतं मला दिसत नाही. पार्लरमध्ये चारी भिंतींना आरसे आहेत.

सुनावणी पुढच्या गुरुवारी, सकाळी. मी तिला काही सांगितलेलं नाही.

तुमची
विहीण

१३ जुलै

विहीणबाई,

काल तुम्ही साहेबांकडे तोंड करून बसला होतात, त्यामुळे मागे काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नाही. ते लिहायला हवं, नाहीतर तुमच्याकडे निम्मीच सुनावणी राहील.

तुम्ही दारात उभ्या राहिलात तेव्हा पोर पाणी पीत होती. ते नाकातून आलं. एजंटबाईंनी रुमाल दिला, तो तिने तोंडाला लावला तो शेवटपर्यंत तसाच.

साहेबांनी विचारलं, आपण अर्जदाराच्या आई? तुम्ही म्हणालात, “हो. पण आम्ही बोलत नाही.” साहेब चपापले. कशावरून, म्हणाले. “याच पिठावरून.” टाइप करणाऱ्या बाईंनी हात थांबवून वर पाहिलं. तोवर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुठे पाहिलं नव्हतं.

मग तुम्ही जे सुरू झालात. मेणाचा थर, कण, भोक, पाणी, चाळण. ओट्सचं पीठ कोरडं घातल्याने कोणकोणते माल परत आले, कुठल्या वर्षी, कुठल्या उन्हाळ्यात. ‘सवयीने लिहिलं असेल’ यावर तर तुम्ही साहेबांना असं धुतलंत की त्यांची सर्दी बरी झाली असावी. मला अर्धं कळलं नाही, पण माझी कल्पना किती मूर्खपणाची होती हे इतक्या सुंदर भाषेत आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला भरून आलं.

पुढे साहेबांनी माझं ते वाक्य वाचून दाखवलं. कुणालाही सुचलं असतं. मी मान खाली घातली. तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. म्हणालात, “त्या नम्र आहेत. चहा चांगला झाला म्हणालात तर पाण्याला श्रेय देतील. त्यांचं धरू नका. मला विचारा. मला सुचलं नाही. आणि जे मला सुचत नाही, ते या धंद्यात कुणालाही सुचत नाही.”

असं बोलायला छाती लागते. माझ्याकडे ती नाही, म्हणून तर घोडं अडलं होतं. एजंटबाईंनी ते वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा ओढल्या, त्या तुमच्या रेघेहून जाड होत्या.

शेवटी साहेब म्हणाले, अजूनही तुम्हाला हे करणं मूर्खपणाचं वाटतं?  मला वाटलं आता झालं. तुम्ही म्हणालात, “वाटतं. ते चालतं, ही गोष्ट वेगळी. मी लावून पाहिलंय.”

डबी पोचल्याचं असं कळलं. पत्रात लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?

आता कॉरिडॉरमधलं. तुम्हाला वाटलं कुणी बघत नाही. मी पाण्याच्या मशीनमागे होते, मशीन अरुंद आहे नि मी नाही, तरी तुम्हा दोघींना दिसले नाही म्हणजे बघा. पोर समोर येऊन नुसती उभी राहिली. तुम्ही तिचा हात धरलात, उलटा केलात, बेचक्यांत अंगठा फिरवलात, उजेडाला नेऊन पाहिलात. आणि वर्षाने पहिलं वाक्य काय बोललात?

“दिवसातून किती वेळा लावतेस?”

“दोनदा.”

“पुरे.”

एवढंच. मग हात सोडायचं दोघी विसरलात. मी पेल्यावर पेला पाणी पीत राहिले, कारण मशीनमागून निघता येत नव्हतं.

रात्रीची गाडी चुकवून राहिला असतात तर बरं झालं असतं, पण तुम्ही ॲप्रन आणून दिलात तेच खूप. धुतलेला, इस्त्री केलेला, आणि नाड्यांना नवीन शिवण. कामात तुम्ही हातचं काही राखत नाही. तुमचा स्वेटर मात्र परत राहिला. पिशवीत घालून तुमच्या हातात दिला होता, पार्लरवर चहाला थांबलात तेव्हा तुम्ही तो परत खुंटीवर टांगलात. मी पाहिलं. 

निकाल येईल तेव्हा कळवीन. नाही मिळालं तरी आता मला त्याची पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. पोरीला हे सांगू नका.

तुमची
विहीण

९ ऑगस्ट

विहीणबाई,

मिळालं.

पोरीने तुम्हाला फोनवर सांगितलंच, आणि तुम्ही ‘अपेक्षित होतं’ म्हणालात तेही कळलं. पण निकालातला एक भाग तिने तुम्हाला मुद्दाम वाचून दाखवला नाही. ती म्हणते, आई चिडेल. मी म्हणते, आई फ्रेम करेल. तुम्हीच ठरवा, जसाच्या तसा उतरवते:

‘साक्षीदार या साधारण कौशल्याच्या व्यक्ती नव्हेत, त्यांचे ज्ञान त्याहून पुष्कळ अधिक आहे. जी गोष्ट अशा असाधारण व्यक्तीलाही सुचली नाही, उलट जिच्यापासून तिने इतरांस परावृत्त केले, ती साधारण व्यक्तीस उघड दिसली असती असे म्हणता येत नाही. अर्जदाराचे स्वतःचे उद्गार शिष्टाचाराचे मानून बाजूला ठेवण्यात येत आहेत.’

तेव्हा तुम्ही असाधारण आहात आणि तुम्हाला सुचलं नाही, या दोन्ही गोष्टी सरकारने एकाच वाक्यात लिहून दिल्या. पहिली तुमच्या भिंतीवर लावा, दुसरी मी माझ्या भिंतीवर लावते. आणि माझा शिष्टाचार सरकारदरबारी बाजूला ठेवला गेलाय, तो परत घ्यायला जावं की नाही याचा विचार करतेय.

कारखान्याची माणसं येऊन गेली. त्यांच्या प्रमुखांनी पीठ भिजवायचंच असं धरून ठेवलं होतं, तुमच्या पुस्तकावर शिकलेले. त्यांना कोण समजावणार? पोर म्हणाली, एकच व्यक्ती समजावू शकेल, पण ती येईल का विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारू नकोस, त्यांनी पीठ भिजवल्याचा एक फोटो पाठव. त्या बसमध्ये असतील.

काल एक जुन्या बाई केस धुवायला आल्या होत्या. काचेखाली आता नवीन कागद लावलाय, तो त्यांनी डोळे बारीक करून वाचला आणि म्हणाल्या, कमाल आहे हो तुमची. माझं तोंड आपोआप उघडलं. छे हो, इथपर्यंत ओठावर आलं. तेवढ्यात आरशात मागे ढवळत उभी असलेली पोर दिसली, पळी हवेत धरून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “हो. आहे.”

बाई जरा गोंधळल्या. मीही गोंधळले. मग त्यांच्या डोक्यावर पाणी सोडलं आणि कामाला लागले.

ॲप्रन तुमच्यासाठी वेगळ्या खुंटीवर ठेवलाय, स्वेटरच्या शेजारी. दोन्हीपैकी एकही कुरियरने मिळणार नाही.

तुमची विहीण
(नम्र लिहिणार होते, खोडलं)